गेलेला कावळा

राजमती नर्सनं पहिलं भाषण पुस्तकातल्या मराठीत केलं, तिथंच घोटाळा झाला.

आष्ट्याच्या अलीकडचं गाव. लक्ष्मीच्या देवळाच्या मंडपात बायका जमल्या होत्या. त्यातल्या निम्म्या नुसत्या सावलीला आलेल्या. नर्सबाईनं खांबाला चित्र टांगलं. चित्र गर्भाशयाचं होतं, बायकांना ते उलटं वांगं वाटलं. "गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर ओळखता येतो. लाजू नका, तपासून घ्या," एवढं सांगून ती दुपारच्या यष्टीनं सांगलीला गेली.

बायकांनी त्यातला एकच शब्द घरी नेला. मुख.

पुढच्या खेपेला ती आली तर रंगूबाई आ वासून पुढ्यात उभी. "बघा बाई, तंबाखूची मिश्री सोडली. हाय का न्हाई मुख झकास?" तिच्यामागं आणखी चारपाच आ.

नर्सबाईला आधी हसू आलं, मग आपण काय घोटाळा केला ते कळलं.

मिश्री सगळ्यांत कडक सोडली ती बनुबाईनं. बनुबाई गुरवाची विधवा. पोटी मूल नाही. नवरा गेला तेव्हा देवळाची किल्ली रीतीनं दीर आकारामकडं जायची, तो टपूनच होता. पण गावच्या पंचांनी विचार केला : हिची पाळी गेलेली, आता हिला विटाळ नाही, करू दे देवीची पूजा. म्हातारपण फळलं म्हणावं अशी ही एकच बाई मी ऐकलीय. कमरेला किल्ली आली, जत्रेत पहिला नारळ तिच्या हातात आला. ज्या बायका तिला वांझ म्हणून बारशाला बोलवत नव्हत्या, त्याच आता लेकरांना तिच्या पायावर घालू लागल्या.

आणि दिवाळीच्या आधी तिच्या अंगावर पुन्हा लाल जायला लागलं.

ती कुणाला बोलली नाही. बोलणार कसं? पाळी गेली म्हणून तर किल्ली आली होती. भाषण ऐकून तिनं त्याच दिवशी मिश्रीची डबी ओढ्यात फेकली. योगायोगानं थोडे दिवस लाल जाणं थांबलं, आणि मिश्री सोडल्याचाच गुण म्हणून ती निर्धास्त झाली. मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जास्त.

आ वासलेल्या बायकांपुढं नर्सबाईनं चित्र गुंडाळून ठेवलं. "तुमी कावळा शिवला म्हणता न्हवं?" ती म्हणाली.

मंडपात खसखस पिकली. रंगूबाई म्हणाली, "म्हणतो की! आमचं मालक मिल्ट्रीत, वरसाला एकदा येत्यात. कावळाच तेवढा दर म्हैन्याला घर विचारतो."

"तो कावळा वय झालं की उडून जातो. गेलेला परत येत न्हाई," नर्सबाई म्हणाली. "परत आला तर तो कावळा न्हवं. पिशवीच्या तोंडाशी काहीतरी कुरतडायला लागलंय समजायचं. लवकर कळलं तर बाई वाचते. उशीर केला तर न्हाई."

आता कुणी हसलं नाही. बनुबाई उठली आणि समईत तेल घालायला गाभाऱ्यात गेली. समई काठोकाठ भरलेली होती.

बायका गेल्यावर नर्सबाई उंबऱ्याशी आली. बनुबाईच्या अंगाला नेहमीसारखा धुपाचा वास होता, आणि धुपाच्या खाली दुसरा.

"कवापासनं?" नर्सबाईनं हळूच विचारलं.

बनुबाईनं वात पुढं सारली. "देवीला कळलं न्हाई ते तुमास्नी कसं कळलं?"

"तिला कळलं असंलच की. तिनं हाकललं का?"

"ती कशाला हाकलंल? आकाराम हाकलंल."

"डोळं दाखवायला मिरजेला नेते म्हणून सांगते. कुणाला कळणार न्हाई."

"जत्रा हू दे, बाई. यंदाचा नारळ फोडते आन् येते."

"जत्रा चैतात. लय लांब हाय, मावशी."

"आजवर कुणी इचारलं नव्हतं मला. जत्रा हू दे."

नर्सबाईनं हात जोडले, रागावली, दर खेपेला येऊन विनवलं. बनुबाई ऐकायची, चहा पाजायची आणि म्हणायची, जत्रा हू दे.

जत्रा झाली. नारळ एका घावात फुटला, लोक म्हणाले, देवी पावली. मग दोघी मिरजेला गेल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि नर्सबाईला बाजूला घेऊन सांगितलं. मशीनचे शेक देऊ, म्हणाले. पण बोलताना ते बनुबाईकडं बघत नव्हते. तिला त्यावरनंच कळलं.

मृगाच्या तोंडावर नर्सबाई पुन्हा गावात आली. मंडपात बायका बसल्या, पण मिरजेला तपासायला कोण येणार म्हटल्यावर सगळ्या खाली बघून फरशी उकरायला लागल्या. बनुबाई आली ती आत आली नाही. शेकांनी वाळून गेलेली, काठी टेकत पायरीवरच बसली.

"वर या की, मावशी," रंगूबाई म्हणाली.

"नगं. हितंच बरी." तिनं कमरेची किल्ली सोडून पायरीवर ठेवली. "डोळ्याला काय बी झालं न्हाई माझ्या. माझा कावळा परत आलावता. दिवाळीच्या आधी. तसल्याच अंगानं मी पूजा केली, नारळ फोडला. बाई सांगत हुती, मी जत्रा धरून बसले. आता डाक्टर माझ्याकडं बघत न्हाई." तिनं दम घेतला. "काय शिव्या द्यायच्या त्या द्या. पर मिरजेला जावा."

कुणी शिव्या दिल्या नाहीत. मिरजेला येते असंही कुणी म्हटलं नाही. एकेक बाई पोर काखेला मारून निघून गेली.

आकारामनं त्याच संध्याकाळी देऊळ धुवायला काढलं. गाभाऱ्यापासून गोमूत्र शिंपडत, मोठ्यानं बोलत. त्याची बायको शालूबाई विहिरीवरनं घागरी आणत होती. बनुबाई पायरीवरनं उठली नव्हती. तिच्या पायांजवळनं पाणी खाली वाहत होतं.

नर्सबाई पिशवी उचलून निघाली. विहिरीशी शालूबाई आडवी आली. घागर तिनं खाली ठेवली नाही, देवळाकडं बघतच बोलली.

"बाई, मिरजेची यष्टी कवा असती?"