टकळी थांबली की वाक्य खोडायचं

मी एक जुना हिंदी-मराठी शब्दकोश आहे आणि माझा एका काडीवर राग आहे. हसू नका, मित्रांनो. माझ्या पोटात बत्तीस हजार शब्द. तिच्याकडे काय? एक काडी आणि खाली मातीची चकती. लोकर कातायची टकळी ती!

१९८१ साली भोकरदनच्या अण्णासाहेबांनी मला विकत घेतलं. ते कॉलेजात शिकवायचे. मेंढ्यांच्या रोगांवरचा जाडजूड हिंदी ग्रंथ त्यांनी मराठीत आणला, तो माझ्याच जिवावर. एकेक हिंदी शब्द उचलायचा, त्याच जागी माझ्यातला मराठी ठेवायचा. मला वाटलं, झालं भाषांतर.

प्रकाशकांनी बाड परत पाठवलं. सोबत चिठ्ठी : 'अक्षरं मराठी, बोलणं हिंदीच. महिन्यात सुधारा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो.'

हिरमुसलेले अण्णासाहेब ओट्यावर बसून बाड मोठ्यानं वाचू लागले. शेजारच्या आसराबाई तिथंच सावलीला लोकर कातत होत्या. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेलेला.

"रुग्ण पशूद्वारा जलग्रहण बंद केले जाते..."

टकळी थांबली.

"सर, ही कोणाची मेंढी म्हणायची? आपली तर अशी बिमार पडत न्हाई."

"मंग कशी पडते, मावशी?"

"पाण्यापाशी नेली तरी तोंड लावत न्हाई. एवढ्याशा गोष्टीला कशाला घुमवून राह्यले?"

अण्णासाहेबांनी तसंच लिहिलं. मग तो रोजचा रिवाजच पडला. टकळी फिरत राहिली तर वाक्य ठेवायचं, थांबली तर खोडायचं. मला महिनाभर कोणी उघडलं नाही. आधी मी खिडकीत गेलो, मग पाण्याच्या माठाखाली. वरून कानावर पडायचं, "मावशी, तुमच्या टकळीला बराबर कळतं!" तिची काडी मोडावी, एवढंच मी देवाकडे मागत होतो.

काडी मोडली नाही. ओलीनं माझीच शिवण उसवली.

बाड वेळेत गेलं, पसंत पडलं, पुस्तक निघालं. पहिली प्रत घ्यायला आलेल्या आसराबाईंना मी माठाखाली दिसलो.

"अगं बाई! ह्या म्हाताऱ्याचे काय हाल केले, सर?"

त्यांनी मला उन्हात वाळवलं आणि स्वतः कातलेल्या काळ्या दोऱ्यानं बांधलं. त्या टकळीच्याच!

मित्रांनो, कोशात शब्द जरूर शोधा, पण लिहिलेलं वाक्य त्या कामातल्या माणसाला ऐकवा. आणि कोशावर माठ ठेवू नका. पंधरा वर्षं झाली, माझं एक पान निसटलेलं नाही. तो दोरा कुठं सैल सापडतो का, हे मी रोज बघतो. अजून तरी सापडला न्हाई.