फिट कुठून उठते

आमची ठकी वेल्डर आहे. गेट, जिने, कठडे, सांगाल ते जोडते. पण तिला फिट यायला लागल्या आणि वर्कशॉपच्या मालकाने तिला मशीनजवळ फिरकू देणं बंद केलं. माझी धाकटी बहीण तर तोंडावर म्हणाली, "ताई, पोरीचं डोकंच बिघडलंय." ते मला सलत राहिलं.

गोळ्या लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला दाखल करून घेतलं. डोक्यावर वायरींची टोपी, समोर कॅमेरा. फिट येते तेव्हा मेंदूत विजेच्या लाटा उसळतात. त्या कुठून उठतात ते टिपायचं होतं. म्हणजे फिट यायलाच हवी. गोळ्या कमी केल्या आणि आम्ही वाट बघत बसलो. एरवी नको तिथे टपकणारी फिट नेमकी दडी मारून बसली.

"बोलावलं की भाव खाते," ठकी म्हणाली.

शेवटी एका दुपारी माझ्या बहिणीशी पत्ते खेळताना तिचा चेहरा उतरला. "आई, माझे पत्ते सांभाळ," म्हणत फिटची चाहूल लागली की दाबायचं म्हणून उशाशी ठेवलेलं बटण तिने स्वतःच दाबलं. मग हात आखडला, शुद्ध हरपली. नर्स धावत आली, आम्ही दोघींनी तिला कुशीवर वळवलं. बहीण भिंतीला टेकून रडत होती. तिने फिट कधी पाहिलीच नव्हती.

सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघींना पडद्यासमोर बसवलं. ठकीच्या मेंदूचं चित्र होतं. उजव्या कानाच्या वर वाटाण्याएवढा लाल ठिपका उमटला आणि तिथून लाली पसरत गेली.

"सुरुवात एवढ्याशा जागेतून होते. बाकी मेंदू ठणठणीत आहे. हा भाग काढता येईल."

मी बहिणीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"पुन्हा दाखवा," ठकी म्हणाली. एखादा सांधा तपासावा तशी ती पुढे वाकून बघत होती. "दुखणं कुठंय ते कळलं. काढून टाका."

"अगं, डोक्याचं ऑपरेशन आहे, गेटचं नाही," बहीण कळवळली.

"म्हणून तर यांच्याकडून करून घेतेय मावशी, तुझ्याकडून नाही."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. माझा ऊर भरून आला. एवढं धैर्य या पोरीने आणलं कुठून?

ऑपरेशन नीट झालं. फिट थांबल्या. पुष्कळ महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी कामाला परवानगी दिली, आणि मालकाने पहिलाच मोठा जिना तिच्याकडे सोपवला. बहीण आता शेजारणींना सांगते, "आमच्या ठकीने स्वतःचा मेंदू पाहिलाय, पापणी न लवता."

परवा मी वर्कशॉपच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आई, काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे बघू नकोस," ती ओरडली आणि तोंडावर मुखवटा ओढून घेतला.

मी तोंड फिरवलं, आणि शेजारच्या माणसाला म्हटलं, "माझी मुलगी आहे ती."