झुलालचं मत

"गाणी ऐका, सिनेमाले जाऊ नका. हीरोले रडता येत नई. डोयामा ग्लिसरीन शे, मनमा काही नई."

भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. केळ्यांची फणी पिशवीत घेऊन सुंदरबाई भटूच्या सलूनसमोर आली आणि जागीच थांबली. आतल्या टेपमधून बोलत होता तो तिचा नवरा. झुलालला जाऊन चार महिने झाले होते.

"सुंदर, तुले काय वाटस?" आवाजानं विचारलं.

पुढे नुसती फीत फिरत राहिली, खर्र खर्र. सुंदरबाईच्या तोंडून आपसूक निघालं, "रडस ना तो! रडाना सीनले तुम्हीच बिडी पेवाले बाहेर जातस, तुमले कसं दिसी?"

"हां," टेप म्हणाला. "म्हंजे मी खोटा."

खटका पडला आणि बाजू संपली. सुंदरबाई पिशवी छातीशी धरून भराभर घराकडे निघाली.

धुळ्यात तेव्हा दर गल्लीला कॅसेट भरून देणारा एक तरी असायचा. कोरी कॅसेट न्यायची, आवडीची गाणी सांगायची, दोन दिवसांनी यायचं. बाजू संपताना थोडी फीत उरतेच, बाकीचे दुकानदार ती तशीच सोडून देत. झुलालला मात्र ती रिकामी फीत बघवायची नाही. तो माइक ओढून त्यावर आपलं मत भरायचा. कोणत्या गाण्यात बासरी सोन्यासारखी आहे, कोणत्या कव्वालीत टाळ्या उगाच कुटल्यात, कोणत्या चित्रपटाचं पोस्टर चित्रपटापेक्षा बरं आहे. गिऱ्हाईकं हसायची, काही चिडायची, तरी त्याच्याकडेच यायची.

सुंदरबाई त्याच दुकानात मागं शिलाई मशीनवर साड्यांना फॉल लावायची. मत देऊन झालं की तो मान वळवून तिला विचारायचा आणि ती बोलायला लागली की माइकचं बटण बंद करायचा.

"लोकेस्नी मनं मत मांगेल शे, तुनं नई," असं म्हणून हसायचा. तिचं बोलून संपलं की पुन्हा बटण चालू. त्यामुळे गावभरच्या कॅसेटींत त्याचा प्रश्न होता, त्याचं उत्तराला उत्तर होतं, आणि मध्ये तिच्या जागी खरखर.

घरासाठी त्यानं एकही कॅसेट भरली नव्हती. "घरमा तर मी शे ना," म्हणायचा.

एक्क्याण्णव सालचा तो उन्हाळा सुंदरबाईनं असाच काढला. पाणी भरायला गेली की एखाद्या खिडकीतून झुलाल विचारायचा, दळण घेऊन येताना दुसरीतून. ती उत्तर द्यायची आणि तो पुढचं बोलायचा. दर वेळी बरोबर जुळायचं. सुरुवातीला ती त्या घरांसमोरून पदर कानावर ओढून जायची. नंतर नंतर लांबच्या रस्त्यानं मुद्दाम तिकडूनच जायला लागली.

शेजारच्या रहिमाबीनं एकदा तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं. "भाभी, लोक काय म्हणतात ठाऊक आहे? सुंदरबाई भिंतींशी बोलते."

"भिंतींशी नाही गं. ते विचारतात."

"अगं, तेव्हा तू जे बोललीस तेच आता बोलतेस. तुला पाठ आहे सगळं, म्हणून जुळतं. एकदा गप राहून बघ ना. तू गप राहिलीस तरी भाईजान आपलं ठरलेलंच बोलतील. मग तुझी सुटका होईल."

सुंदरबाई उठून घरात गेली. सुटका तिला नको होती.

पण आवाज कमी होऊ लागले. पावसाळा संपेपर्यंत लोकांनी त्याच कॅसेटींवर नवी गाणी भरून घेतली. रहिमाबीच्या मुलानंही भरली. दिवाळीपर्यंत गल्लीत झुलाल उरला तो फक्त भटूच्या सलूनमध्ये.

"वहिनी, मीबी परवा नवी गाणी भरी लेस," भटू एक दिवस वस्तरा पुसत म्हणाला. "गिऱ्हाईक घाबरस. वस्तरा गळावर ऱ्हास अन् मांगून मरेल मानूस बोलस. परवा तो सुपडू अर्धी दाढी तशीच ठेयीसन पळना."

"अर्धीच बरी दिसत असेल त्याला," सुंदरबाई म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "भटूभाऊ, एक दिवस मला दे ती. उद्या आणून देते."

भटूनं वस्तरा बाजूला ठेवून कॅसेट काढून दिली.

त्याच दुपारी तिनं दार लावून घेतलं. फितीच्या खरखरीतही नीट ऐकू यावं म्हणून पंखाही बंद केला. छोटा टेप जमिनीवर ठेवून समोर मांडी घालून बसली. रहिमाबीचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. आपण गप्प बसलो आणि तरी ते "मी खोटा" म्हणाले, तर संपलं. मग ती नुसती फीतच. आणि उद्यापासून तीही नाही.

गाणी संपली.

"गाणी ऐका, सिनेमाले जाऊ नका," झुलाल म्हणाला. हीरो, ग्लिसरीन, सगळं तसंच. "सुंदर, तुले काय वाटस?"

सुंदरबाईनं पदराचा बोळा करून तोंडावर दाबला. फीत फिरत होती. एवढी मोठी जागा त्यानं तिच्यासाठी सोडली होती, हे तिला कधी कळलंच नव्हतं. उत्तर जिभेवर आलं, तिनं गिळलं. बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"सुंदर?" टेपमधून आलं, जरा जवळून. मग बऱ्याच वेळानं, "बरं. ऱ्हाऊ दे. नको बोलू."

खटका पडला.

सुंदरबाईनं उठून पंखा लावला. फीत मागं नेऊन पुन्हा ऐकली नाही. कॅसेट काढली, विळीच्या टोकानं तिच्या पाठीवरचे दोन्ही छोटे चौकोनी तुकडे मोडून टाकले. ते मोडले की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, हे दुकानात बसून तिला माहीत होतं.

सकाळी तिनं कॅसेट भटूच्या हातात दिली. त्यानं ती उलटी करून पाहिली, मोडलेल्या जागेवर अंगठा फिरवला.

"वहिनी, यावर चिकटपट्टी लाई का भरता येस. माहीत शे ना?"

"माहीत आहे."

सलूनमध्ये तीनजण वाट बघत बसले होते. भटूनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग कॅसेट टेपमध्ये घालून गाणी सुरू केली आणि साबणाचा फेस करायला घेतला.

सुंदरबाई पायरी चढून आत आली. त्या दुकानात बाईमाणूस कधी बसलं नव्हतं. बाकावरची माणसं सरकली आणि ती पिशवी मांडीवर घेऊन रांगेत शेवटी बसली.