आठ वाजताची गोळी

ती बसमध्ये कंडक्टर होती. एकवीस वर्षांची नोकरी, आवाज खणखणीत. पण गेल्या वर्षी हृदय दमलं. पायांवर सूज, जिना चढताना धाप. डॉक्टरांनी अंगातलं जादा पाणी काढणारी गोळी दिली, रोज सकाळी आठला. ती घेतली की दोन-तीन तास सारखं लघवीला पळावं लागे. नेमकी आठलाच तिची बस सुटायची, आणि वाटेत बायकांसाठी सोय अशी एकाच थांब्यावर. मग ड्युटीच्या दिवशी ती गोळी चुकवू लागली. लाजेपायी बोलली कुणालाच नाही. एक दिवस बसमध्येच कोसळली. आठवडाभराने दवाखान्यातून घरी निघाली, तेव्हा कागदावर शेरा होता : 'रुग्ण औषधाबाबत बेफिकीर.'

तो शब्द तिला झोंबला. पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी तो शेरा पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "या आजारावर उपचार कसे करावेत, याचे डॉक्टरांसाठीचे नियम नव्याने लिहिले जातायत. समितीत मी आहे. रुग्णांतर्फेही कुणीतरी हवंय. याल?"

थोरली नणंद हसली. "अगं, तिथे सगळे मोठे डॉक्टर. तू काय त्यांची तिकिटं फाडणार?"

"वन्सं, गोळ्या ते लिहितात, गिळते मी."

नवरा एवढंच म्हणाला, "जा. फक्त बसमध्ये ओरडतेस तशी ओरडू नकोस."

पहिल्या बैठकीत लांबलचक टेबल आणि विटेएवढा कागदांचा गठ्ठा. तासभर तिला अक्षर कळलं नाही. 'गोळी सकाळी घ्यावी' हे वाक्य आलं, तेव्हा मात्र तिने हात वर केला. "सकाळीच का?"

"रात्री झोपमोड होऊ नये म्हणून," अध्यक्ष म्हणाले. पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ.

"आणि दिवसा कामाचा विचका झाला तर?" तिने आपली हकीकत सांगितली. दोघंतिघं खाली बघू लागले.

"बाई, वाईट झालं," अध्यक्ष म्हणाले, "पण एका माणसाच्या अनुभवावर नियम बदलता येत नाही."

"किती माणसांच्या अनुभवावर येतो?"

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी विचार केला आणि आकड्यांचं काम बघणाऱ्या सभासदाला म्हणाले, "यांना रुग्णांना विचारायचे प्रश्न नीट काढून द्या. विचारायची रीतसर परवानगीही घ्या."

परवानगी मिळाल्यावर तीन महिने प्रत्येक सुट्टीचा दिवस तिने दवाखान्याच्या बाकावर काढला. आधी लोक टाळायचे. मग ती स्वतःचीच फजिती सांगायची, की समोरच्याचीही जीभ सुटायची. शाळेतले मास्तर तास सोडून जाऊ शकत नव्हते. पहारेकऱ्याला फाटक सोडता येत नव्हतं. एक आजोबा मुलीकडे जायच्या दिवशी गोळी घेतच नसत. एकूण चौऱ्याण्णव जण. त्यातले एकेचाळीस गोळी चुकवत होते आणि त्यांतल्या तेहतीस जणांनी ते डॉक्टरांना कधीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत तिने आकडे वाचले. आवाज चढला नाही, पण टेबलाच्या टोकापर्यंत पोचला. मग वाक्यावर घासाघीस सुरू झाली. कुणी सुचवलं, "रुग्णाने अडचण असल्यास सांगावी, असं लिहू."

"नाही," ती म्हणाली. "सांगायची लाज वाटते म्हणून तर हे सगळं झालं. डॉक्टरांनी विचारावं, असं लिहा."

"ओपीडीत एवढा वेळ कुठे असतो?"

"मला विचारायला अर्धं मिनिट लागायचं. मोजलंय मी."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. अध्यक्षांनी पेन उचललं आणि लिहिलं : 'गोळीची वेळ ठरवण्यापूर्वी डॉक्टरांनी रुग्णाला कामाच्या वेळा व शौचालयाची सोय विचारावी. शक्य असेल तेथे वेळ त्यानुसार बदलावी.' वाक्य मंजूर झालं.

'बेफिकीर' हा शब्द रुग्णांच्या कागदांतून काढावा, ही तिची दुसरी मागणी मात्र फेटाळली गेली. ते या समितीच्या हातात नाही, म्हणाले.

"मग कुणाच्या हातात आहे?" तिने विचारलं, आणि उत्तर लिहून घ्यायला वही उघडली.