पहिली बारा अक्षरं

ऑफिसात तिला सगळे केरसुणी म्हणत आणि तिला ते मनापासून आवडायचं. दुसऱ्याच्या कोडमधला केर काढण्याची तिला खोडच होती. या खेपेला तिने हॉस्पिटलच्या वेबसाइटचा लॉगिन फॉर्म हाती घेतला. पासवर्ड तपासायला कुण्या पूर्वजाने अटीच्या पोटात अट, तिच्याही पोटात अट असा गुंता करून ठेवला होता. तिने त्याच्या चार सुटसुटीत ओळी केल्या, चाचण्या घेतल्या, सकाळी नवा कोड चालू केला आणि चहाला गेली.

परत आली तर आईचा फोन वाजत होता.

आई एकटी राहायची. हल्ली विसरायला लागली होती; कधी गॅस, कधी किल्ल्या. माझ्याकडे चल म्हणून लेकीने पिच्छा पुरवला, तेव्हा म्हातारीने अट घातली होती. डॉक्टरांची वेळ ती त्याच हॉस्पिटलच्या साइटवर स्वतः घ्यायची. ज्या दिवशी पासवर्ड आठवणार नाही, त्या दिवशी मुकाट बाडबिस्तरा उचलीन, म्हणाली होती.

"चुकीचा म्हणतंय गं," आई म्हणाली. "पुन्हा पुन्हा टाकून पाहिला. ठरल्याप्रमाणे येते मी. आवरायला घेतलंय."

आई आजवर कशालाच इतक्या सहज तयार झाली नव्हती. थोड्या वेळात फोन करते म्हणून तिने ठेवला, तोवर साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. बऱ्याच पेशंटना लॉगिन होत नव्हतं आणि हॉस्पिटलवाले डोक्यावर बसले होते. जुना कोड परत टाक, म्हणाले, आत्ताच्या आत्ता.

तिने जुना आणि नवा कोड शेजारी शेजारी उघडला. गुंत्याच्या तळाशी एक ओळ होती, बारा अक्षरांपुढचं सगळं गुपचूप छाटून टाकणारी. केर समजून तिने ती झाडून टाकली होती. म्हणजे लांब पासवर्डचा पहिला तुकडाच इतकी वर्षं साठवला जात होता, आणि आता अख्खा पासवर्ड त्या तुकड्याशी जुळत नव्हता. चाचणीत हे कळायचं कसं? सगळं ऑफिस चाचणीला एकच पासवर्ड वापरायचं आणि तो होता चिमुकला. आईला मात्र, पासवर्ड चांगला लांबलचक ठेव, असं तिनेच बजावलं होतं.

बोट जुना कोड परत आणायच्या बटणावर गेलं आणि थांबलं. जुना कोड आला की आईचा पासवर्ड चालेल. मग चूक माझी होती म्हटलं, तर म्हातारी म्हणणार, समजूत घालतेस. पुरावा द्यायचा तर आत्ताच, नवा कोड चालू आहे तोवर. आणि नाहीच सांगितलं तर? आई घरी येईल, फोन वाजला की काळजात धस्स होणं संपेल. इतके दिवस मागितलेलं आयतं पदरात पडत होतं. त्या विचाराची तिला लाज वाटली, आणि तो गोडही वाटला.

"दाब की," साहेब म्हणाले.

तिने फोन उचलला. "आई, पासवर्ड टाक. पण पूर्ण नको. मोजून पहिली बारा अक्षरं, मग थांब."

"अर्ध्या किल्लीने कुलूप उघडतं होय?"

"आज उघडेल. टाक."

आई मोठ्याने मोजू लागली. मध्येच अडखळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. साहेबांनी कीबोर्डकडे हात नेला, तसा तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांच्याशी अशी वागली.

"उघडलं," आई म्हणाली.

तिने बटण दाबलं. साहेब हॉस्पिटलला फोन लावत निघून गेले.

"तुला सगळं आठवत होतं, आई. घोळ माझा होता. मीच तो कोड बिघडवला."



"गप्प बसली असतीस तर आले असते की मी," आई म्हणाली.

"माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे? चुकीचा म्हणालं ना, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं मला. कंटाळलेय गं एकटी राहून. निमित्त मिळालं होतं."

लेकीने पर्स उचलली. "मग ये ना. मी घ्यायला येते, आत्ता निघते."

"आता कशी येणार?" आई म्हणाली. "आता मला सगळं आठवतंय ना." आणि तिने फोन ठेवून दिला.