पंच्याऐंशी किलो

इरा नऊ महिन्यांची झाली आणि मला घरबसल्या पहिलं काम मिळालं. तेही ट्रायल म्हणून. ऑफिस दुबईत जबल अलीला, आम्ही राहतो अबुधाबीच्या खलिफा सिटीत. माझी बॉस सुचित्रा मॅडम फोनवर स्पष्ट म्हणाली होती, दोन तक्ते बघेन आणि मग ठरवेन. बाळ लहान आहे हे कारण चालणार नाही, माझीही दोन झालीत.

काम साधं होतं. खोर फक्कानच्या बंदरात आमची टीम एका जुन्या क्रेनचा गिअरबॉक्स बसवत होती. कुठला बोल्ट किती जोरानं आवळायचा, ते मॅन्युअलमधून काढून एका पानावर तक्ता करून द्यायचं. हे माप म्हणजे पान्यावर किती भार, तोही बोल्टापासून किती अंतरावर. मॅन्युअलमध्ये जाड बोल्टांचं माप किलोग्रॅम-मीटरमध्ये होतं, बारीक बोल्टांचं किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये. असे शंभर सेंटिमीटरवाले मिळून एक मीटरवाला होतो. दोन्ही एका मापात आणायला पाच मिनिटं लागली असती. पण इरा पाऊण तासच झोपते. साइटवर सगळे नुसतं ‘किलो’ म्हणतात, म्हणून आपल्या माणसांना सोपं जावं या हिशेबानं मीही वर ‘किलो’ लिहिलं. जाड बोल्टापुढे बारा, बारीक बोल्टापुढे पंच्याऐंशी. पाठवून दिलं, इरा उठायच्या आत. स्वतःवर खूश होते मी.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला केरूभाऊंचा फोन आला. ते तिथले फिटर, पाटणकडचे, वीस वर्षं इथे आहेत.

“ताई, बोल्ट करंगळीएवढा, त्याला पंच्याऐंशी किलो. अन् अंगठ्याएवढ्याला बारा. ही कसली वाटणी केली तुमी?”

इरा कडेवर होती. अर्धं खिमट तिच्या पोटात, अर्धं माझ्या खांद्यावर. मी न बघताच सांगून टाकलं की आकडे उलटे पडले असतील, अदलाबदल करून घ्या. त्यांना ते पटलं नव्हतं. पण कागद तुमचा, म्हणाले. जाड बोल्टांना पंच्याऐंशी किलो लावायचं तर छोटा पाना पुरणार नाही, स्टोअरमधून मोठा मागवतो, अर्ध्या तासात सुरू करतो.

मी इराला टबात बसवून धुतलं. बाहेर काढताना कपडे भिजू नयेत म्हणून तिला हात लांब करून धरलं, तर दहा सेकंदांत खांदे भरून आले. ती हसत पाय झाडत होती. नऊ किलोंची माझी लेक, छातीशी असते तेव्हा तासभर घेऊन फिरते मी तिला. वजन तेवढंच. फक्त अंतर वाढलं.

अंतर. तक्त्यात मी अंतरच लिहिलं नव्हतं.

आकडे उलटे पडलेच नव्हते. दोन्ही बरोबर होते, एक मीटरचा, एक सेंटिमीटरचा. बारीक बोल्टाचे पंच्याऐंशी म्हणजे मीटरच्या हिशेबात पुरता एक किलोही नाही. आणि आता केरूभाऊ जाड बोल्टावर सातपट जोर लावणार होते, क्रेनच्या फळीवर उभे राहून, अंगाचा सगळा भार पान्यावर टाकून. त्यात बोल्ट तुटला तर माणूस मागे जातो.

त्यांना फोन लावला. उचलला नाही. वर चढताना फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. साइटवर वायरलेस आहे, पण तो ऑफिसमधून. म्हणजे सुचित्रा मॅडम. खरं सांगते, ‘थोडा बदल आहे’ असं काहीतरी बोलून भागेल का, हे मनात येऊन गेलं.

“मॅडम, माझा तक्ता चुकलाय. आणि वर केरूभाऊंना मी चुकीचं सांगितलंय. काम थांबवा.”

तिनं तिथल्या तिथे वायरलेस उचलला. पलीकडे तिचाच आवाज ऐकू आला, “काम बंद करो. पाना नीचे रखो. खलास.” मग मला, होल्ड कर.

चारेक मिनिटं गेली असतील. इरा टॉवेलमध्ये गुंडाळलेली, माझ्या मांडीवर, टॉवेलचंच टोक चघळत होती. मी तिचे केससुद्धा पुसले नाहीत.

मॅडम परत फोनवर आली. एका बोल्टाला पाना लागला होता. तो तुटला नव्हता. आवळताना हाताला रबरासारखा ताणल्यागत लागला म्हणून केरूभाऊंनी आपणहूनच हात काढून घेतला होता. बोल्ट बदलावा लागणार होता, एवढंच.

सुचित्रा मॅडम म्हणाली, “लगेच फोन केलास, म्हणून हाच तक्ता दुसरा धरतेय, नीट करून दे. चार वाजेपर्यंत. पण तुझ्या शीटवर आता चेकरची, तपासणाऱ्याची सही लागेल. कोणाची, ते तू बघ.”

या वेळी सगळं न्यूटन-मीटर या एकाच मापात आणलं. बाराचे एकशे अठरा झाले, पंच्याऐंशीचे आठ पूर्णांक तीन. जेवणाच्या सुट्टीत केरूभाऊंना पान पाठवलं, फोन करून माफी मागितली आणि चेकर म्हणून सही कराल का विचारलं. आपण दहावी नापास आहोत, ते म्हणाले.

“चूक तुम्हालाच दिसली होती. मला नाही.”

केरूभाऊंनी फोनवरच पान उघडलं. मग ते एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर थांबले.

“ताई, हितं बोल्टाचा साइज लिवायचा ऱ्हायला की.”