कयाधूत सोडलेल्या वह्या

धनसिंग महाराज तांड्यावरचे. शाळा चौथीपर्यंत, पण कीर्तनाला उभे राहिले की माणसानं घरची वाट विसरावी असा रंग भरायचा. तीस वर्षांचं निरूपण त्यांनी अकरा वह्यांत उतरवलं होतं. कडा वाळवीनं कुरतडलेल्या. कळमनुरीत टायपिंगचे क्लास चालवणाऱ्या उत्तमरावांनी चौऱ्याण्णव साली कॉम्प्युटर घेतला आणि थेट महाराजांचे पाय धरले. "महाराज, ह्याला वाळवी लागत न्हाई. तुमचा शब्द आता अमर झाला समजा."

उत्तमराव तीन वर्षं रोज दोन तास वह्या टाइप करायला बसले. एक कानामात्रा चुकू दिली नाही. शेवटचं पान झालं आणि त्याच महिन्यात महाराजांनी देह ठेवला.

घात झाला तो पुढे, आणि तोही भक्तीनंच. पोथीची नवी प्रत तयार झाली की जीर्ण प्रत घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात सोडावी, ही आपली रीत. उत्तमरावांनी नरसीला, नामदेवरायांच्या गावी, टाळ-मृदंगाच्या गजरात अकराही वह्या फुलं वाहून कयाधू नदीत सोडल्या. महाराजांच्या पत्नी निर्मलाबाई काठावर एवढंच म्हणाल्या, "एक तरी राहू द्या की."

"माय, समदं बराबर आत हाय. काळजी काहून करता?"

दहाव्या पुण्यतिथीला ग्रंथ छापायचं ठरलं. उत्तमरावांचा कॉम्प्युटर केव्हाच जळून भंगारात गेला होता, पण निरूपण साठवलेल्या फ्लॉप्या देवघरात लाल फडक्यात होत्या. त्या घेऊन ते निर्मलाबाईंसह हिंगोलीला योगेशच्या दुकानी गेले. योगेश त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं फाइल उघडली, तर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

"सर, फाइल धडधाकट हाय. पण तुमचं ते सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालून न्हाई राहिलं. त्याला मराठीचं कार्ड लागायचं, ते बसवायला ह्याच्यात जागाच न्हाई."

"बनवणाऱ्याला विचार ना मग."

"कंपनी बंद पडून सहा वर्षं झाली. जुनं मशीन म्हणाल तर नांदेडपर्यंत हुडकलं, भंगारातही न्हाई."

निर्मलाबाई पडद्याजवळ सरकल्या.

"ह्याच्यात हायेत का महाराज?"

"हायेत, माय," उत्तमराव म्हणाले.

"मंग बोलून काहून न्हाई राहिले?"

उत्तमराव लाल फडक्याची घडी घालू लागले.

"वाळवीनं खाल्लं असतं," बाई म्हणाल्या, "तरी तिनं अर्धं सोडलं असतं."

योगेश उगाच माऊस हलवत राहिला. मग बाईंनीच विचारलं, "बरं, तुमच्या हातानं समदं लिवलं ना? एक निरूपण तोंडानं सांगा. कोनाकडून तरी उतरवून घेते."

उत्तमरावांनी डोळे मिटले. पानांचे आकडे आठवले, कडेला सोडलेला समास आठवला, कुठे पान मोडलं तेही. वीस वर्षं ते पोरांना बजावत आले होते, टाइप करताना मजकुराच्या अर्थात गुंतू नका, बोट चुकतं. तरी घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. "महाराज म्हणायचे, देह म्हणजे भाड्याचं घर. घर सोडताना भांडी मोजू नये, आणि..."

दोन वाक्यं बरी गेली. तिसऱ्यापासून बाईंची मान हलायला लागली. चौथ्याला त्यांनी हात वर केला.

"थांबा. हे तुमचं हाय, उत्तमराव. त्यांचं न्हाई."

त्यांनी पदर सावरला आणि वारंगा फाट्याची जीप गाठायला एकट्याच निघाल्या.